वळीव, गड आणि ठिपक्या

(आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेले भाषण)



सेक्रेटरीसाहेबांनी मला विषय दिला होता 'निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन'. मी त्यांना म्हटलं, साहेब, इथे बसलेल्या निम्म्या लोकांच्या एफडीच्या पावत्या मीच कधी ना कधी फाडलेल्या आहेत, त्यांना मी आणखी काय सांगणार? त्यापेक्षा दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आपण अकरा जण आणि एक कुत्रा सिंहगडावर निघालो होतो, त्या दिवसाबद्दल बोलतो. त्या दिवसाच्या निरनिराळ्या आवृत्त्या सोसायटीत फिरताहेत. परवा एका आवृत्तीत तर माझ्या अंगावर वीज पडली होती. तेव्हा रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने रेकॉर्ड सरळ झालेलं बरं.

आधी कुत्र्याबद्दल. ठिपक्याला आपण सगळेच ओळखता. पांढरा, पाठीवर दोन काळे ठिपके, डाव्या कानाचं टोक कापलेलं. हे कापलेलं टोक भांडणातलं नाही बरं का. नसबंदी आणि रेबीजची लस झाली की खूण म्हणून ते कापतात. ठिपक्या कुणाचाच नाही आणि म्हणून सगळ्यांचा आहे. त्याच्यावरून आपल्या किती सर्वसाधारण सभा रंगल्या हे इतिवृत्तात आहेच. बी विंगमधल्या एका सद्गृहस्थांनी त्याला आवाराबाहेर काढावं म्हणून तीन वेळा लेखी अर्ज दिले. त्यांचं नाव घेत नाही, ते समोरच बसलेत आणि हसताहेत. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं नाही, जिन्यात घाण होतेच. पण २०२३ च्या नव्या नियमांप्रमाणे नसबंदी केलेला कुत्रा त्याच्या मूळ जागीच परत सोडायचा असतो, आणि त्याच्या खाण्याची जागा ठरवून देण्याची जबाबदारी सोसायटीवर येते. मी बँकेतला माणूस, सर्क्युलर आलं की आपण पाळायचं. असो.

आता गड. आपल्या गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी उभं राहिलं की गडावरचा दूरदर्शनचा मनोरा दिसतो. पंचवीस वर्षं आपण तो बघतोय, पण आपल्यातले कित्येक जण पायी एकदाही चढलेले नाहीत. गाडीनं वर जायचं, भजी खायची, मडक्यातलं दही खायचं, तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीला नमस्कार करायचा आणि खाली यायचं. त्यात वाईट काही नाही. पण आतकरवाडीच्या पायवाटेने चढणं ही वेगळी गोष्ट आहे. गड समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या आसपास, आणि त्यातला पाचशे-सहाशे मीटरचा चढ आपल्या गुडघ्यांनी करायचा. तरुण पोरं तासाभरात जातात. आमच्यासारख्यांना दोन तास धरा, आणि त्यात गप्पांचा वेळ धरलेला नाही.

मंडळी, वसंत ऋतू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गुलाबी थंडी, मंद वारा असलं काहीतरी येतं. ते बहुतेक इंग्रजी पुस्तकांतून आलंय. आपला वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. पुण्यात पारा अडतीस-चाळीसला टेकलेला, गवत वाळून पिवळं, आणि त्याच वेळी झाडांना मात्र पालवी फुटलेली. हे कोडं मला या वयातही सुटलेलं नाही. पाऊस नाही, जमीन तापलेली, आणि कुसुंबाला अशी लालभडक पानं की लांबून फुलंच वाटावीत. पळस तोवर संपत आलेला असतो, काटेसावरीची बोंडं फुटून कापूस वाऱ्यावर उडतो, करवंदं अजून हिरवी आणि चिकाची. कोकिळ तर सगळ्यांनाच ऐकू येतो, पण पावशा ओरडायला लागला की आमच्या आईला धीर यायचा. ती म्हणायची, पाऊस कुठंतरी निघाला.

आणि याच वसंतात वळीव येतो. सकाळी आभाळ निरभ्र, दुपारी अंगाची काहिली, आणि चार वाजता असं काही कोसळतं की विचारू नका. त्यामागचं कारण थोडक्यात सांगतो, कारण पुढचं समजायला ते लागेल. दख्खनची जमीन दुपारपर्यंत तव्यासारखी तापते. तिच्यावरची हवा तापून वर उठते. या दिवसांत समुद्रावरून आलेलं बाष्प खालच्या थरात असेल तर ही हवा ते बाष्प घेऊन वर जाते. तिथे ते थिजतं, ढग उंच उंच वाढतो, दहा-बारा किलोमीटरपर्यंतसुद्धा. वरचं टोक मग लोहाराच्या ऐरणीसारखं पसरट होतं. त्याच्या पोटात गारा तयार होतात, वीज तयार होते. मग पाऊस पडायला लागला की तो गार हवा आपल्याबरोबर खाली ओढतो, आणि ती हवा जमिनीला आपटून चारी बाजूंना पसरते. पावसाच्या आधी जो गार वारा आणि ओल्या मातीचा वास येतो ना, तो असा दुसऱ्या गावचा पाऊस आपल्या गावात निरोप पाठवत असतो. पुणेकरांना हवामानखात्यावर विनोद करायची सवय आहे, मलाही आहे. १९२८ साली ते ऑफिस सिमल्याहून आपल्या शिवाजीनगरला आलं, तेव्हापासून ही सवय असावी. पण आदल्या दिवशी त्यांनी 'दुपारनंतर मेघगर्जनेसह पावसाची शक्यता' असं स्पष्ट सांगितलं होतं, हे इथे नमूद करतो.

मग दुपारी का निघालो? कारण मुलांचे सकाळचे क्लास, आणि टेम्पो ट्रॅव्हलरवाल्याला सकाळचं भाडं होतं. मी पहाटेचा आग्रह धरला होता. मतदान झालं, सात विरुद्ध चार. सोसायटीत राहणाऱ्या माणसाला बहुमत मान्य करायची सवय असतेच. ठिपक्या आमंत्रण नसताना टेम्पोत चढला आणि मधल्या सीटखाली जाऊन बसला. वॉचमनने ओढून पाहिलं, बधला नाही. शेवटी ए विंगमधल्या एका ताईंनी त्यांच्या जुन्या कुत्र्याचा पट्टा आणि दोरी आणली, कारण गडावर वानरं आहेत, तिथली कुत्री आहेत, आणि मोकळं सोडलेलं आपलं कुत्रं तिथे भांडण करणार किंवा मार खाणार. बी विंगच्या सद्गृहस्थांनी निषेध नोंदवला. नातू बरोबर होता म्हणून टेम्पोतून उतरले मात्र नाहीत.

पावणेतीनला चढायला लागलो. उन्हाळ्यात कुत्र्याला डोंगरावर न्यायचं तर दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तळपायांना थोडा येतो, बाकी सगळी उष्णता तो धापा टाकून, जीभ बाहेर काढून घालवतो. त्यामुळे आपल्याआधी तोच दमतो, फक्त सांगत नाही. आणि खडक तापलेला असतो. आपण बूट घालतो, त्याचे पंजे उघडे. हाताची मागची बाजू खडकावर पाच-सात सेकंद टेकवता आली नाही तर त्याच्या पंजालाही चटका बसणार, एवढं साधं गणित आहे. ताईंनी त्याला वाटेच्या कडेच्या मातीतून, झुडपांच्या सावलीतून चालवलं, आणि दर पंधरा मिनिटांनी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यातून पाणी पाजलं. ठिपक्या मजेत होता. प्रत्येक दगडाची नोंद घेत, सही करत चालला होता.

तीन तरुण मंडळी पहिल्या वीस मिनिटांतच दिसेनाशी झाली. कॉलेजातला एक मुलगा, एक मुलगी, आणि बी विंगच्या सद्गृहस्थांचा चौदा वर्षांचा नातू. आम्ही आठ जण मागे, वयाप्रमाणे ओळीने. आमच्या सौ. पाठीमागून मला "पाणी प्या, पाणी प्या" म्हणत होत्या.

सव्वाचारच्या सुमारास साधारण अर्ध्या वाटेवर एका मावशींच्या झापापाशी टेकलो. ताक, लिंबू सरबत, मीठ-तिखट लावलेली कैरी, काकडी. वर बघितलं तर आभाळ निळंशार, एक पांढरा पुंजका सोडला तर काही नाही. खाली खडकवासल्याचं पाणी चमकत होतं. वारा मात्र एकाएकी पडला होता. पान हलत नव्हतं.

इथे एक गोष्ट सांगतो, जी गच्चीवरून गड बघणाऱ्याला कधी कळत नाही. आतकरवाडीच्या वाटेवर आपण गडाच्या एका अंगाला असतो. दक्षिणेकडचं, राजगड-तोरण्याकडचं आभाळ संपूर्ण गडाच्या आड गेलेलं असतं. तिकडे ढग दहा किलोमीटर वर गेलेला असला तरी आपल्याला दिसतो तो आपल्या वाट्याचा निळा तुकडा. डोंगरातलं हवामान फसवं असतं असं आपण म्हणतो, पण बिचारं हवामान कुणाला फसवत नाही. मधे डोंगर उभा असतो एवढंच.

ठिपक्याने ताकाचा वाटा घेतला नाही. उभा राहिला, नाक वर केलं, शेपूट पायात घातलं आणि आल्या वाटेकडे तोंड करून दोरी ओढायला लागला. "दमलाय," कुणीतरी म्हणालं. "वानर दिसलं असेल," दुसरं कुणी. कुत्र्याला सहावं इंद्रिय असतं वगैरे मी म्हणणार नाही. त्याचं नाक आणि कान आपल्यापेक्षा चांगले चालतात, एवढंच. गडाच्या पलीकडून वळसा घालून आलेला ओल्या मातीचा अगदी पुसट वास त्याला आला असेल, किंवा आपल्याला ऐकू न येणारा गडगडाट त्याला आला असेल.

मावशी त्याच्याकडे बघत होत्या. काकड्या पाटीत भरायला लागल्या. मी म्हटलं, "मावशी, एवढ्यात आवरताय?" तर म्हणाल्या, "वारं पडलंय बघा आजोबा. आता फिरंल. तुमच्या कुत्र्याला समाजलं, तुमास्नी न्हाई समाजलं. खाली जावा."

मंडळी, मी बत्तीस वर्षं कर्जाच्या प्रकरणांवर सह्या केल्या. एका बाजूने आलेल्या माहितीवर मी कधी विश्वास ठेवला नाही, पण एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन ठिकाणांहून तीच माहिती आली तर फाईल तिथेच थांबवायची, हा माझा नियम. इथे कुत्रा आणि मावशी. मी म्हटलं, आपण परत फिरायचं.

झालं! सभा सुरू. "काका, आभाळ तर बघा!" "अर्धं चढलो ना, अजून अर्धंच तर राहिलंय." "वर पिठलं-भाकरीची ऑर्डर दिलीय." "एवढे पैसे टेम्पोला घातले." हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मला आमच्या शाखेत येणारे ते कारखानदार आठवले. साहेब, एवढे घातलेतच, आणखी थोडे द्या, म्हणजे आधीचे वाचतील. पहिले गेलेले असतात, ते गेलेच. प्रश्न फक्त पुढच्यांचा असतो. पण माणसाचं मन तसं चालत नाही, आणि डोंगरावर तर अजिबातच नाही. चढून मिळवलेली उंची सोडवत नाही कुणाला. आमच्यातले एक जण तर म्हणाले, "कुत्र्याच्या सांगण्यावरून परत गेलो हे सोसायटीत कळलं तर?" आता कळलंच आहे.

वाद चालू असताना पहिला गडगडाट ऐकू आला. गुरगुर म्हणा. वीज दिसली नव्हती, गडाच्या आड होती. मग वाऱ्याची एक गार झुळूक, तीही वरून खाली. त्यानंतर कुणी वाद घातला नाही.

प्रश्न राहिला वरच्या तिघांचा. फोन लागला, हे नशीब. मुलगी म्हणाली, "काका, पंधरा मिनिटांत वर पोचतोय, इथून सगळं काळं दिसतंय, आम्ही खाली पळत येऊ का?" बी विंगच्या सद्गृहस्थांचा चेहरा पांढरा पडला होता. ते ओरडले, "हो, लगेच खाली ये म्हणावं!" मी फोन हातात धरून एक क्षण थांबलो. आम्हाला खाली जायचं, मग त्यांनाही खालीच, हे सरळ वाटतं. पण ते उघड्या कातळाच्या भागात होते. तासभर त्या कातळावरून, पावसात, विजेत, पळत उतरायचं? त्यांच्यापासून पंधरा मिनिटांवर वर पार्किंग, तिथे पत्र्याच्या बंद गाड्या. मी म्हटलं, "बेटा, वर जा. पायवाटेवर थांबू नका, झाडाखाली नको, मोकळ्यावर नको. पार्किंगला जी पहिली जीप दिसेल त्या ड्रायव्हरला हात जोडा आणि आत बसा. काचा वर करा." बंद मोटारीचा धातूचा सांगाडा विजेला बाहेरच्या बाहेर जमिनीत पोचवतो, आतली माणसं वाचतात. टायर रबराचे म्हणून नव्हे, सगळीकडून धातू आहे म्हणून. सद्गृहस्थांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. नातू त्यांचा, निर्णय माझा. ते काहीच बोलले नाहीत. नुसती मान हलवली.

आम्ही उतरायला लागलो. ताईंच्या गुडघ्याला त्रास होता, त्यांना दोन हात मोकळे हवे होते. दोरी कोण धरणार? सगळ्यांच्या हातात काठ्या नाहीतर पिशव्या. बी विंगच्या सद्गृहस्थांनी न बोलता दोरी घेतली. मनगटाला दोन वेढे घातले.

वीज दिसली की सेकंद मोजायचे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला तर ढग दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि तेव्हाच आडोसा गाठायचा. मी मोजत होतो. पहिली बावीस. मग चौदा. मग नऊ. आता आभाळ आमच्याही डोक्यावर काळं झालं होतं, निळा तुकडा पुसून टाकल्यासारखा. पाऊस आला तो थेंबांनी नाही, गारांनी. आधी बोराएवढ्या, मग मोठ्या. काही मिनिटांत तापलेल्या वाटेवरून वाफ निघायला लागली आणि पाठोपाठ लाल पाण्याचा ओढाच उतरायला लागला. दुपारी घामाने निथळलेले आम्ही दात वाजवत होतो.

पायथा दहा मिनिटांवर असताना मोजणी तीनवर आली. त्या जागी वाट अगदी उघडी होती. मी सगळ्यांना थांबवलं. एकमेकांपासून पंधरा-वीस पावलं लांब व्हा, पाय जुळवून उकिडवे बसा, डोकं खाली, कान झाका, आडवे पडू नका. ज्यांना उकिडवं बसता येत नव्हतं ते पाय जुळवून वाकून उभे राहिले. हा काही सुरक्षित उपाय नाही, दुसरा कुठलाच आडोसा नसेल तेव्हाचा आहे. लांब व्हायचं ते अशासाठी की एक वीज पडली तर सगळे एकदम पडू नयेत, उरलेले मदतीला राहावेत.

सौ.नी माझा हात घट्ट धरला होता. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिला बऱ्याच गोष्टी सांगितल्या, त्यातल्या थोड्या तिने ऐकल्या. पण "हात सोड आणि लांब जा" असं मी त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं. ती सोडेना. मग मी आवाज चढवला. ती वीस पावलं गेली आणि पाठ करून बसली. त्या वीस पावलांइतकं लांब अंतर मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

आणि कुत्रा. वीज जमिनीवर पडली की प्रवाह जमिनीतून पसरतो, आणि पायांमध्ये जितकं अंतर जास्त तितका धोका जास्त. गुरं विजेने मरतात त्याचं एक कारण हेच, पुढचे पाय एकीकडे, मागचे दुसरीकडे. ठिपक्या घाबरून चारी पाय फाकवून दोरी ओढत होता. मी ओरडलो, "दोरी सोडा, लांब व्हा!" बी विंगच्या सद्गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, ठिपक्याला ओढून आपल्या दोन गुडघ्यांच्या मधे घेतलं, त्याचे पाय पोटाशी गोळा केले आणि त्याच्यावर स्वतःचा रेनकोट पसरून उकिडवे बसले. शास्त्राप्रमाणे हे बरोबर नव्हतं. ते त्याच्या कानात काहीतरी बोलत होते. काय बोलत होते ते गारांच्या आवाजात ऐकू आलं नाही, आणि नंतर विचारलं तर सांगत नाहीत.

अशी किती मिनिटं गेली, ठाऊक नाही. मोजणी पुन्हा सहा झाली, दहा झाली. उठलो आणि भराभर उतरून टेम्पोत शिरलो. ड्रायव्हर म्हणाला, कुत्रं ओलं आहे, सीट खराब होईल. त्याला बी विंगमधून असं उत्तर मिळालं की तो पुढे बोलला नाही.

पावणेसहाला फोन आला. तिघंही एका जीपमध्ये होती. त्या ड्रायव्हरने त्यांना बसवून घेतलं, चहा पाजला आणि गडगडाट थांबल्यावर अर्ध्या तासाने गाडी हलवली. हा अर्धा तासही लक्षात ठेवण्यासारखा आहे. शेवटचा गडगडाट झाल्यावर तीस मिनिटं बाहेर पडायचं नाही, कारण पाऊस थांबला तरी ढग अजून रिकामा झालेला नसतो. जीप खाली आली तेव्हा नातू उडी मारून आधी ठिपक्याकडे गेला, आजोबांकडे नंतर. आजोबांनी चष्मा पुसला. पावसात भिजलेल्याचा चष्मा पुसणं स्वाभाविक आहे.

आपल्या देशात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं विजेने दगावतात. बहुतेक शेतात काम करणारी, झाडाखाली आसरा घेतलेली. आपल्या पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' नावाचं अॅप केलंय, आपल्या आसपासच्या विजांची सूचना त्यात येते. मोबाईलवाल्या बालमित्रांनी ते आजच आपापल्या आजी-आजोबांच्या फोनमध्ये घालून द्यावं. आणि मावशींनी जे वाऱ्यावरून ओळखलं त्यासाठी त्यांना फोन लागला नव्हता, हेही आजी-आजोबांनी त्यांना सांगावं. जूनच्या आधी मी मुद्दाम त्या मावशींना भेटून आलो. करवंदं पिकली होती. द्रोणभर दिली, पैसे घेईनात. "कुत्रं बरं हाय का?" एवढंच विचारलं.

लोक विचारतात, बी विंगच्या सद्गृहस्थांचं मत बदललं का? अजिबात नाही. गेल्याच महिन्यात त्यांनी कमिटीला चौथं पत्र दिलं, ठिपक्याचा जिन्यातला वावर बंद करावा म्हणून. त्या पत्रावर अनुमोदक म्हणून माझी सही आहे, कारण जिना धुवायला माणूस मिळत नाही ही वस्तुस्थिती आहे. ठिपक्याची भाकरी मात्र हल्ली पार्किंगच्या कोपऱ्यात सकाळी साडेसहाला पडते, आणि ती कोण ठेवतं हे वॉचमनला विचारा.

यंदा चैत्रात पुन्हा जायचं ठरलंय. या वेळी मतदान नाही. पहाटे पाचला गेटपाशी, दहाच्या आत खाली. नावं वॉचमनकडे लिहून द्यायची, वहीत पहिलं नाव आधीच कुणीतरी लिहून ठेवलंय: 'ठिपक्या, दोरीसह'. अक्षर मी ओळखतो, पण सांगणार नाही. येणाऱ्यांनी टोपी, दोन बाटल्या पाणी आणि गुडघ्याचा पट्टा असेल तर तोही आणावा. पिठलं-भाकरी इतक्या सकाळी मिळाली तर वर खाऊ, नाहीतर घरून थालीपीठं घेऊ.